परसबागेतील उंदरांसाठी चापाचा सापळा

लाकडी पाटीवर बसवलेल्या स्प्रिंगच्या जोरावर उंदीर जागीच मारणारे साधन. तारेची चौकट मागे ओढून एका लांब काडीने अडवलेली असते आणि काडीचे टोक आमिषाच्या पत्रीत अलगद अडकवलेले असते. उंदराने आमिष ओढले की पत्री हलते, काडी सुटते आणि चौकट झटक्यात उलटून त्याच्या मानेवर बसते. अशा स्प्रिंगच्या सापळ्याचे पेटंट अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विल्यम हूकर यांनी 1894 मध्ये घेतले. सातारा-सांगलीच्या हार्डवेअरच्या दुकानात आज मिळणारा चाप मुळात त्याच रचनेचा आहे. उंदीर जिवंत अडकवणारा जाळीचा पिंजरा हे वेगळे साधन.

कराड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या तालुक्यांत घरामागे परसबाग आणि कुंपणापलीकडे ऊस ही मांडणी नेहमीची आहे. उभा ऊस उंदरांना खाद्यही देतो आणि आडोसाही. वाऱ्यापावसाने लोळलेल्या उसात त्यांचा उपद्रव विशेष वाढतो. कारखान्याचा हंगाम लागून फड तुटला की तो आडोसा एका दिवसात जातो आणि उंदीर बांधाबांधाने वस्तीकडे सरकतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडे हीच वेळ शाळू काढल्यावर येते, कारण कडब्याची गंजी परड्यात आणून रचली जाते आणि तिच्या तळाशी उंदीर घर करतात. पुराचे निमित्त याहून वेगळे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत कृष्णा-वारणेचे पाणी शिवारात पसरले, बिळे बुडाली. अशा वेळी उंदीर उंचावरच्या घरांच्या आवारात चढतात आणि पाणी ओसरल्यावरही बरेच दिवस तिथेच राहतात. शेजारचा फड तुटणार असे कळले की त्याच आठवड्यात चाप बाहेर काढणे शहाणपणाचे, कारण मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच ते दहा पिले देते आणि ती पिलेही दोन-तीन महिन्यांत विण्याजोगी होतात.

कोणता उंदीर आला आहे हे आधी पाहावे लागते. घरउंदीर, म्हणजे काळा उंदीर, चढण्यात पटाईत. नारळाच्या शहाळ्याला देठाजवळ गोल भोक, पेरूवर रात्रीतून पडलेले दातांचे व्रण, मांडवावरच्या दोडक्याचा कुरतडलेला शेंडा ही त्याची कामे. त्याच्यासाठी चाप जमिनीवर ठेवून फार उपयोग नाही. भिंतीच्या माथ्यावर किंवा मांडवाच्या आडव्या वाशावर तो तारेने बांधून ठेवतात. लहान घूस जमीन पोखरते. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला आणि भुईमूग, रताळी, बीट खालून खाल्लेले निघाले तर ती तिचीच खूण. मोठी घूस किलोभर वजनाचीही असते. तिला साधा चाप पुरत नाही. ती जखमी होते आणि चाप ओढत बिळात नेते. अशा घुशीसाठी चाप लावूच नये, भक्कम पिंजराच वापरावा. चिचुंद्रीला लोक उंदीर समजतात, पण लांब सोंडेचा आणि उग्र वासाचा हा प्राणी किडे खाणारा आहे. बागेत तिचा उपकारच होतो, म्हणून तिचा वावर असेल तिथे चापाची जागा बदललेली बरी.

बीळ वापरात आहे की सोडलेले, हे ओळखण्याची शेतकऱ्यांची जुनी रीत परसातही चालते. संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने लिंपून बंद करायची आणि सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळे धरायची. चाप त्यांच्याच वाटेवर लागतात.

या साधनाचे सारे यश मांडणीत आहे. नवा चाप, ताजे आमिष असूनही आठवडाभर काही सापडत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा जागा चुकल्याची असते. उंदीर उघड्यावरून सहसा चालत नाही. भिंतीला, दगडी कुंपणाला, पाण्याच्या टाकीला मिशा आणि अंग घासत तो रोज ठरलेल्या वाटेने जातो. त्या वाटेवर गवत दबलेले असते, लेंड्या पडलेल्या असतात आणि भिंतीच्या तळाशी अंगाच्या तेलकटपणाने काळपट पट्टा उमटतो. चाप तिथे भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून ठेवतात. समांतरच ठेवायचा असेल तर दोन चाप पाठीला पाठ लावून मांडतात, म्हणजे उंदीर कुठूनही आला तरी आमिष त्याच्या तोंडापुढे येते. पाटी डळमळता कामा नये. खालची माती हाताने सपाट करून घ्यावी.

दुसरी गोष्ट धीराची. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो आणि ओळखीच्या वाटेवर काल नसलेले काही दिसले की काही रात्री त्याला वळसा घालतो. म्हणून पहिल्या तीन-चार रात्री चाप न ताणता नुसते आमिष लावून ठेवतात. आमिष रोज संपू लागले की मग एकाच संध्याकाळी सगळे चाप ताणतात. एक चाप महिनाभर पडून राहण्यापेक्षा आठ-दहा चाप तीन रात्री लावणे कितीतरी सरस, कारण चौकट अंगावर न बसता नुसती वाजली आणि उंदीर सुटला तर तो पुन्हा त्या जागी फिरकत नाही. बहुतेक घरांत घाई नेमकी इथे होते. पहिल्याच रात्री चाप ताणला जातो, सकाळी तो रिकामा दिसतो आणि मग लोक विषाच्या पुडीकडे वळतात.

आमिष वाटाण्याएवढे पुरते. मोठा तुकडा उंदीर कडेने कुरतडून नेतो आणि पत्री हलतही नाही. भाजलेला शेंगदाणा, सुके खोबरे, तळलेले भजे, तूप लावलेली चपाती, सुकट किंवा बोंबील ही इथली नेहमीची आमिषे. यांतले खोबरे सर्वांत भरवशाचे: ते लवकर नासत नाही आणि दोऱ्याने पत्रीला घट्ट बांधता येते. बांधणे महत्त्वाचे, कारण आमिष हिसकावे लागले तरच चाप नेमका सुटतो. दाण्याचा कूट गुळात मळून लावला तर उंदीर येतात, पण परसबागेत मुंग्या त्यांच्या आधी पोचतात. गुळाचे आमिष उन्हाळ्यात टाळावे. बागेत जे भरपूर आहे ते आमिषाला निरुपयोगी. शेजारी भुईमूग काढायला आला असेल तर शेंगदाण्याला कोण विचारतो? तिथे बोंबील लावावा.

चाप जात पाहत नाही. साळुंकी, भारद्वाज, खार, मांजराचे पिलू, कधी खेळणाऱ्या मुलाची बोटे, सगळ्यांना तो सारखाच. म्हणून परसात उघडा चाप ठेवू नये हा नियम पक्का धरावा. भिंतीलगत दोन्ही बाजूंना विटा लावून वर फरशी किंवा कौल ठेवले की बोगदा तयार होतो. रुंद पाइपचा तुकडाही चालतो. बोगद्यात शिरायला उंदीर उलट अधिक तयार असतो, कारण त्याला आडोसा मिळतो. तोंडे उंदराच्या अंगापुरतीच मोकळी ठेवावीत. चाप दिवस मावळल्यावर ताणावा आणि उजाडताच काठीने सोडवून टाकावा. पक्षी व खारी दिवसा हिंडतात, त्यामुळे एवढ्यानेच बरेच जीव वाचतात.

विषाशी तुलना केली तर परसबागेत चापाचे पारडे स्पष्टपणे जड ठरते. झिंक फॉस्फाईड पोटात जाऊन फॉस्फीन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. थोडे खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा खात नाही. ब्रोमॅडिओलोनचे आमिष रक्त गोठू देत नाही आणि उंदीर काही दिवसांनी कुठेतरी आडजागी मरतो. दोन्हींत मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर गव्हाणी घुबड, मांजर, कुत्रे यांच्या तोंडी लागण्याची भीती असते. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला ज्या नागाची पूजा होते तो आणि शिवारातली धामण, दोघेही उंदरांवर जगतात. उंदीर परसात आले की त्यांच्यामागे साप येतात, आणि घाबरलेल्या माणसांच्या काठीखाली कायद्याने संरक्षित असलेला, शेताच्या उपयोगाचा जीव हकनाक मरतो. चापात मेलेला उंदीर डोळ्यांसमोर राहतो आणि त्याच्या अंगात विष नसते.

उंदीर आणि आजार यांचा संबंध या भागाने फार जवळून पाहिला आहे. 1896 मध्ये मुंबईत आलेला प्लेग लवकरच सातारा जिल्ह्यात पसरला. आजचे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला जात. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये प्लेगचा पिसवांमार्फत होणारा प्रसार दाखवला. मेलेला उंदीर थंड पडू लागला की पिसवा त्याला सोडून दुसरे अंग शोधतात, म्हणून तो उघड्या हाताने उचलू नये हा धडा तेव्हाचाच. आजची भीती मुख्यतः लेप्टोस्पायरोसिसची आहे. उंदराच्या मूत्रातले जंतू ओल्या मातीतून, हातापायांच्या चिरांतून शरीरात शिरतात आणि पावसाळ्यात, पुरानंतर हा धोका वाढतो. चाप सोडवताना रबरी हातमोजे घालावेत, उंदीर विहिरीपासून दूर हातभर खोल पुरावा आणि चाप साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा.

गणपतीचे वाहन म्हणून उंदीर न मारणारी घरे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. ती पिंजरा वापरतात आणि उंदीर लांब नेऊन सोडतात. या भावनेचा मान राखूनही सांगायला हवे, की सोडलेला उंदीर बहुधा दुसऱ्याच्या शेतात जातो किंवा अनोळखी जागी आडोशाविना मरतो. पिंजरा पाण्यात बुडवणे ही तर क्रूरताच. गोंदाच्या पाटीवर चिकटलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो. अशा पाट्यांवर बंदी घालावी अशा सूचना भारतीय पशुकल्याण मंडळाने राज्यांना दिल्या आहेत. योग्य मापाचा, जोरदार स्प्रिंगचा चाप नीट लावला तर मरण क्षणाचे असते. गंजलेल्या, ढिल्या चापाने मात्र प्राण्याचे हाल होतात, म्हणून स्प्रिंग सैल झालेला चाप फेकून द्यावा.

चाप लावतानाच आडोसे काढले तर काम टिकते. सरपण आणि गोवऱ्या जमिनीपासून वीतभर उंच फळीवर रचाव्यात, कोंबड्यांचे खाद्य रात्री झाकणाच्या डब्यात ठेवावे, खुराड्याला 6 मिमीची जाळी मारावी. नारळाच्या खोडाला माणसाच्या डोक्याहून वर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला आणि शेजारच्या झाडाची टेकलेली झावळी छाटली, तर काळ्या उंदराची वर जाण्याची वाट बंद होते.