330 की 150? लिबियाच्या वाळवंटात हरवलेले ‘लेडी बी गुड’

1943 साली बेपत्ता झालेले ‘लेडी बी गुड’ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान 1958 मध्ये लिबियाच्या वाळवंटात तेलाचा शोध घेणाऱ्या पथकाला आकाशातून दिसले, आणि तेव्हापासून त्याच्याभोवती भुताखेतांच्या कथा रचल्या जात आहेत. पुढच्या वर्षी माणसे जमिनीवरून तेथे पोहोचली. विमानाचे धूड मधोमध मोडलेले असले तरी त्यातील यंत्रबंदुका चालत होत्या, रेडिओ चालत होता, पाण्याचा साठाही शिल्लक होता. माणूस मात्र एकही नव्हता. पुढे त्याचे काही सुटे भाग इतर विमानांत बसवले गेले आणि त्यांपैकी काहींना अपघात झाले, एवढ्यावर ‘शापित विमान’ हे नाव पक्के झाले. असे किती भाग किती विमानांत बसवले गेले आणि त्यांपैकी किती विमाने सुखरूप उडत राहिली, हा प्रश्न शापाच्या कथा सांगणाऱ्या ध्वनिचित्रफिती बनवणाऱ्यांना पडत नाही. छेद सोडून केवळ अंश सांगितला की कोणत्याही वस्तूला शाप चिकटवता येतो. खरे तर या विमानाच्या दिशाभुलीमागे शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकेच सोपे आणि तितकेच निर्दय असे एक कारण आहे.

4 एप्रिल 1943 रोजी बेनगाझीजवळच्या सोलुक येथील तळावरून बी-24 लिबरेटर जातीची 25 विमाने इटलीतील नेपल्स बंदरावर हल्ला करण्यासाठी निघाली. वाळूच्या वादळामुळे उड्डाणे विस्कळीत झाली, इंजिनांत वाळू गेल्याने काही विमाने अर्ध्यावरून परतली आणि सर्वांत शेवटी निघालेल्यांपैकी एक असलेले ‘लेडी बी गुड’ नेपल्सच्या परिसरात पोहोचेपर्यंत अंधार पडू लागला होता. लक्ष्य दिसत नव्हते, म्हणून बॉम्ब समुद्रात टाकून ते परत फिरले. वैमानिक विल्यम हॅटन आणि त्याच्या आठ सहकाऱ्यांची एकत्रितपणे ही पहिलीच मोहीम होती. रात्र अमावास्येची होती, आणि चंद्र नसलेल्या आकाशातून पाहताना भूमध्य समुद्र आणि सहारा यांत फरक करणे अतिशय कठीण असते. मध्यरात्र उलटून 12 मिनिटे झाली असताना हॅटनने रेडिओवरून कळवले की विमानातील स्वयंचलित दिशादर्शक काम करत नाही, तरी दिशा सांगावी. बेनगाझीजवळच्या बेनिना येथील, रेडिओलहरींवरून दिशा शोधणाऱ्या केंद्राने मोजणी करून 330 अंश असे उत्तर दिले. हा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. म्हणजे केंद्राच्या दृष्टीने विमान वायव्येला, अजून समुद्रावर होते. वास्तविक पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याने त्याला अपेक्षेपेक्षा लवकर किनाऱ्यापलीकडे आणले होते आणि ते तळ ओलांडून आग्नेयेला, वाळवंटाकडे चालले होते. त्या दिशेचा कोन 150 अंश. 330 मधून 150 वजा केले की बरोबर 180 उरतात, आणि या प्रकरणाचे सामान्यतः मान्य असलेले स्पष्टीकरण याच 180 अंशांत आहे.

रेडिओलहर कोणत्या दिशेने येत आहे हे ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे लूप अँटेना, म्हणजे तारेची उभी चौकट, किंवा तिच्याच तत्त्वावर चालणारी दोन उभ्या तारांची जोडी. काठीच्या दोन टोकांना एकेक बूच बांधून ती तळ्यातील लाटांवर आडवी ठेवली, अशी कल्पना करू. काठी लाटेच्या प्रवासाच्या दिशेत असेल तर एक बूच आधी वर जाईल आणि दुसरे किंचित नंतर. काठी लाटेच्या शिखराला समांतर असेल तर दोन्ही बुचे एकाच क्षणी वर-खाली होतील. अँटेनाच्या दोन उभ्या तारांचे असेच आहे. दोन्ही तारांत निर्माण होणारे विद्युत्दाब एकमेकांतून वजा होतील अशी जोडणी केलेली असते. लहर दोन्ही तारांपाशी एकदमच पोहोचली तर वजाबाकी शून्य येते आणि आवाज नाहीसा होतो. लहर एकीपाशी आधी पोहोचली तर फरक उरतो. हा फरक लहानच असतो: तरंगलांबी 60 मीटर आणि तारांमधील अंतर 1 मीटर असेल, तर दोन्ही दाबांच्या कलांमध्ये (कला म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते) जास्तीत जास्त 6 अंशांचा फरक पडतो.

येथे एक सुंदर गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी थोडी त्रिकोणमिती सहन करावी लागेल. संदेश सर्वांत मोठा ऐकू येतो ती दिशा शोधण्याऐवजी तो नाहीसा होतो ती दिशा का शोधतात? कारण हा फरक कोनाच्या कोज्येप्रमाणे (कोसाइनप्रमाणे) बदलतो, आणि कोज्येचा आलेख माथ्यावर जवळजवळ सपाट असतो. महत्तम स्थितीपासून अँटेना 10 अंश फिरवला तर संदेश जेमतेम दीड टक्क्याने घटतो, जे कानाला कळणारच नाही. शून्य स्थितीपासून तेवढाच फिरवला तर शांततेतून एकदम महत्तमाच्या 17 टक्क्यांएवढा संदेश उमटतो. म्हणून शांतता हेच अचूक मोजमाप ठरते. मात्र पूर्ण फेरीत ही शांतता दोनदा येते. अँटेना 180 अंशांनी फिरवला की दोन तारा फक्त जागा बदलतात. वजाबाकीचे चिन्ह उलटते, पण शून्याला चिन्ह नसते आणि कानाला तर चिन्ह कधीच ऐकू येत नाही. थोडक्यात, हे यंत्र एक रेषा सांगते, रेषेचे कोणते टोक ते सांगत नाही.

यावर उपायही तेव्हा ठाऊक होता. शेजारी एक साधी उभी तार ठेवायची, जी सर्व दिशांकडून सारखाच संदेश घेते. दोन जवळजवळ सारख्या लहरींची वजाबाकी ही मूळ लहरीच्या बदलाच्या दराशी प्रमाणात असते, त्यामुळे ती मूळ लहरीपेक्षा कलेने 90 अंशांनी सरकलेली असते. एकल तारेचा संदेश तेवढाच सरकवून तो या वजाबाकीत मिळवला की एका बाजूला दोन्हींची बेरीज होते आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही एकमेकांना खोडतात. आलेख इंग्रजी आठच्या आकड्याऐवजी हृदयाच्या आकाराचा होतो आणि शून्य एकच उरते. दुसऱ्या एखाद्या केंद्रावरून मोजणी झाली असती तर दोन रेषा एका बिंदूत छेदल्या असत्या. दहा मिनिटांनी पुन्हा मोजले असते आणि संदेश क्षीण होत असल्याचे लक्षात आले असते, तरी विमान दूर जात आहे हे कळले असते.

मग 330 या उत्तरावर कोणालाच शंका का आली नाही? नकाशावर बेनिनापासून नेपल्सपर्यंत रेषा आखली तर तिचा कोन जवळजवळ 330 अंशच येतो. परतीच्या वाटेवरील विमानासाठी केंद्राला हाच आकडा अपेक्षित होता, आणि विमान त्याच रेषेवरून तळ ओलांडून पुढे गेल्यावरही रेषा तीच राहिली. अपेक्षेप्रमाणे आलेले माप पुन्हा तपासायचे नाही, ही सवय आजच्या प्रयोगशाळांतही भरपूर आढळते.

पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आले, तेव्हा नऊही जणांनी पॅराशूटसह उड्या घेतल्या. रिकामे विमान आणखी सुमारे 26 किलोमीटर जाऊन आपोआप पोटावर उतरले. बॉम्बार्डियर, म्हणजे बॉम्ब टाकणारा, वोराव्हका याचे पॅराशूट नीट उघडले नाही. उरलेले आठ जण एकत्र जमले. सहवैमानिक रॉबर्ट टोनर याच्या खिशातील रोजनिशीमुळे पुढचे समजले. आठ जणांत अर्धी कँटीन पाणी होते, म्हणजे अर्ध्या लिटरहूनही कमी, आणि प्रत्येकाला दिवसाला बुचाएवढा घोट. दुपारच्या उन्हात पडून राहायचे आणि रात्री 15 मिनिटे चालून 5 मिनिटे थांबायचे, असा त्यांचा क्रम होता. तो नकळत शास्त्रशुद्ध होता. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता जाते. उन्हात चालणाऱ्याला ही किंमत तासाला लिटरभर पाण्याने मोजावी लागू शकते, थंड रात्री मात्र ती बरीच वाचते. घोट घोट पाणी पुरवल्याने घाम कमी येतो, हा समज मात्र चुकीचा आहे. एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रयोग करून दाखवले की पाणी कमी प्यायले तरी घाम येतच राहतो; वाचवायचा असतो तो घाम.

समुद्र जवळच असल्याचे गृहीत धरून ते वायव्येकडे चालत राहिले. चुकलेल्या विमानातले पाणी आणि रेडिओ उलट दिशेला, दक्षिणेकडे होते, पण विमान इतक्या अखंड अवस्थेत उतरले असेल हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. सुमारे 130 किलोमीटरांनंतर कलान्शो वाळूसागरात पाच जण थांबले, आणि 9 एप्रिलला शेली, रिप्स्लिंगर व मूर मदत आणण्यासाठी पुढे निघाले. टोनरची शेवटची नोंद 12 एप्रिलची आहे. 1960 मध्ये त्या पाच जणांचे अवशेष एकत्र मिळाले, शेली आणि रिप्स्लिंगर यांचे त्यांच्याही पुढे 30 किलोमीटरांहून अधिक अंतरावर, आणि वोराव्हकाचे त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. मूरचे अवशेष ओळख पटवून कधीच परत आणता आले नाहीत. त्यांनी चालायला सुरुवात केली तेथून समुद्रकिनारा साडेपाचशे किलोमीटरांवर होता, आणि 1943 मध्ये त्यांचा शोध मात्र भूमध्य समुद्रावर घेतला गेला होता.