पीप साइट की स्कोप? आधी स्वतःचा डोळा तपासा

अमेरिकेत प्रोजेक्ट अ‍ॅपलसीड नावाची रायफल नेमबाजीची क्लिनिक्स भरतात, बहुतेक वेळा शनिवार-रविवार, गावाबाहेरच्या एखाद्या रेंजवर, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो की रायफलवर नेम धरायची साधी लोखंडी साइट ठेवू का स्कोप, म्हणजे छोटी दुर्बीण, लावून नेऊ. शिकवणारे म्हणतात दोन्ही चालेल, आणि खरंच चालतं. पण मग लोक निवड कशावर करतात, तर मित्राकडे काय आहे, दुकानदार काय म्हणाला, किंवा "खरा नेमबाज स्कोप वापरत नाही" असल्या अभिमानावर. मला हे पटत नाही, कारण हा प्रश्न प्रकाशाचा आणि डोळ्यातल्या भिंगाचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी नीट देता येतं.

आधी तिथे काय करायचं असतं ते बघू. बहुतेक जण .२२ (म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीची) रायफल आणतात, टार्गेट २५ मीटरवर असतं, आणि त्या कागदावर माणसाच्या आकाराची छोटी छोटी चित्रं असतात, १०० पासून ४०० यार्डांपर्यंतची टार्गेट्स लांबून जेवढी दिसतील तेवढ्या मापाची. (कॉलेजात एनसीसी केलेल्यांना .२२ आणि २५ मीटर हे ओळखीचं वाटेल.) एकूण ४० गोळ्या, उभ्याने, बसून आणि पालथं झोपून, मधल्या दोन फेऱ्यांत १० गोळ्यांना साधारण एक मिनिट आणि त्यातच मॅगझिन बदलायचं. २५० पैकी २१० मिळाले की "रायफलमन"चा पॅच. यासाठी गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका, ४ एमओएमध्ये बसायला हवा असं ते सांगतात. एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा ६०वा भाग. १०० मीटरवर हा कोन २९ मिमी भरतो, २५ मीटरवर ७ मिमीच्या थोडा वर, म्हणजे ४ एमओए म्हणजे २५ मीटरवर २९ मिमी, एक इंचापेक्षा थोडं जास्त. नजर धड असलेला माणूस चष्म्याशिवाय किंवा चष्म्याने जेमतेम एक मिनिटाच्या कोनातल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू शकतो. म्हणजे मागितलेली अचूकता डोळ्याच्या ताकदीच्या आतली आहे, स्कोपशिवायही.

मग अडतं कुठे? आत्ताच एक करून बघा. हात लांब करून पेन उभं धरा, एक डोळा मिटा आणि पेनच्या टोकाकडे बघा, मागचे खिडकीचे गज धूसर होतील. आता गजांकडे बघा, पेन धूसर होईल. दोन्ही एकदम स्वच्छ दिसणार नाहीत कितीही प्रयत्न केला तरी, कारण डोळ्यातलं भिंग एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतं. साध्या ओपन साइटमध्ये तर तीन गोष्टी असतात, जवळची बॅकसाइट, पुढे नळीच्या टोकाला फोरसाइट आणि लांबचं टार्गेट. तिन्हींपैकी एकच स्वच्छ ठेवता येते, आणि जगभर शिकवतात की ती फोरसाइट असू द्या, टार्गेट धूसर झालं तरी चालेल.

नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, जिथे मारायचं तेच धूसर कसं ठेवायचं? पण हिशोब बघा. समजा दोन साइट्समधलं अंतर ६६ सेंमी आहे आणि फोरसाइट फक्त ०.१ मिमीने बाजूला सरकली. हा कोन पुढे वाढत जातो, २५ मीटरवर गोळी जवळपास ४ मिमी बाजूला लागते आणि १०० मीटरवर १५ मिमी. याउलट साइट्स एका रेषेत नीट आहेत पण आख्खी रायफल समांतरच ५ मिमी बाजूला सरकली तर गोळी कुठल्याही अंतरावर ५ मिमीच बाजूला लागेल. म्हणजे कोनातली चूक महाग आणि सरकण्याची चूक स्वस्त. धूसर टार्गेटचा मध्य डोळ्याला चांगला सापडतो, कडा पुसट झाल्या तरी मध्य मध्यच राहतो, पण फोरसाइट धूसर झाली की तो ०.१ मिमी दिसतच नाही. आणि दोन साइट्समधलं अंतर निम्मं केलं तर तीच चूक दुप्पट होते. रुगर १०/२२ ही १९६४ पासून बाजारात असलेली रायफल या क्लिनिक्समध्ये खूप दिसते, तिच्या साध्या मॉडेलवर बॅकसाइट नळीवरच पुढे बसवलेली घडीची पाती असते, त्यामुळे हे अंतर कमी पडतं, आणि म्हणूनच लोक ती काढून मागे, डोळ्याच्या जवळ, पीप साइट बसवून घेतात.

ही पीप साइट म्हणजे बॅकसाइटच्या खाचेऐवजी एक छोटं गोल भोक. दिसायला अगदी साधी, पण माझ्या मते नेमबाजीतली सगळ्यात हुशार वस्तू हीच आहे. चष्मा लागणाऱ्यांनी चष्मा काढून, कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा, लांबची अक्षरं अचानक बरी दिसायला लागतात. भोक लहान असलं की फोकस चुकलेल्या प्रकाशाचा ठिपका डोळ्याच्या पडद्यावर कमी पसरतो आणि हा पसारा थेट भोकाच्या व्यासाच्या प्रमाणात असतो. उजेडात बाहुली साधारण ३ मिमी उघडी असेल आणि तिच्यापुढे १.१ मिमीचं भोक आलं तर धूसरपणा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्यात डोळा फोरसाइट आणि टार्गेट यांच्या मधे कुठेतरी फोकस झाला की दोन्ही बऱ्यापैकी दिसतात. शिवाय भोक मुद्दाम बघायचं नसतं, नुसतं त्यातून बघायचं, म्हणजे तीनातली एक गोष्ट कमीच झाली. भोक बाहुलीपेक्षा लहान असलं की डोळा थोडा इकडेतिकडे झाल्यानेही फारसं बिघडत नाही कारण प्रकाश आता त्या भोकातूनच येतो, डोळा कुठे आहे याला तेवढं महत्त्व उरत नाही. पण मोठ्या भोकाची साइट घेतली, बाहुलीपेक्षा मोठी, तर यातला बराच फायदा जातो, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

मग भोक अजून लहान का नको, तर १ मिमीच्या खाली गेलं की प्रकाश कडेवरून वाकून पसरायला लागतो आणि चित्र परत बिघडतं, आणि १.१ मिमीच्या भोकातून ३ मिमीच्या बाहुलीच्या मानाने जेमतेम सातवा हिस्सा प्रकाश आत येतो, संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत ते जाणवतं.

आता इथे कुणी म्हणेल की भोकातून बघून किती अचूक मारणार? तर ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत टेलिस्कोप चालतच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मारून ब्राँझ घेतलं ते असल्या भोकातूनच बघून, आणि कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून मारायच्या प्रकाराची) वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हाही स्कोप नव्हता. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, ५० मीटरवरून त्याचा कोन पाऊण मिनिटाहूनही कमी भरतो, म्हणजे नेमबाजाला ते वर्तुळ वेगळं दिसतसुद्धा नाही! त्याला दिसतो ११२.४ मिमीचा काळा गोल, आणि तो पुढच्या साइटमधल्या रिंगच्या बरोबर मधे बसवायचा असतो.

हे जमतं कारण डोळ्याची अजून एक ताकद आहे. दोन ठिपके वेगळे ओळखायला एक मिनिटाचा कोन लागतो, पण दोन रेषा एकमेकींच्या सरळ रेषेत आहेत की किंचित सरकल्यात हे डोळा ५ ते १० सेकंदांच्या कोनापर्यंत ओळखतो (सेकंद म्हणजे मिनिटाचा ६०वा भाग), व्हर्नियर कॅलिपर वाचताना आपण हीच ताकद वापरतो. ५० मीटरवर १० सेकंद म्हणजे अडीच मिमीसुद्धा नाही. पडद्यावरच्या पेशींमधल्या अंतरापेक्षाही हा फरक बारीक आहे, मेंदू अनेक पेशींचे संदेश एकत्र करून तो काढतो. गोलात गोल बसवायच्या साइट्स त्या ताकदीवर चालतात, आणि मला यात खरंच आनंद वाटतो की एवढं बारीक यंत्र आपल्या डोक्यात आधीपासून बसवलेलं आहे.

पण हे सगळं डोळ्याचं भिंग लवचिक असेपर्यंत. फोरसाइट डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते, तिच्यावर फोकस करायला भिंगाला एक डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) जास्तीची ताकद लावावी लागते. विशीत आपल्याकडे अशी १० च्या आसपास डायॉप्टरची ताकद असते, पंचेचाळिशीला तीन-चारावर येते, साठीला एखादी उरते. चाळिशीचा चष्मा लागतो तो यामुळेच. वय वाढलं की फोरसाइटची कड पुसट होते, माणूस डोळे ताणतो, ताणून थकतो आणि दुपारनंतर ग्रुप उघडत जातो, मग त्याला वाटतं आपला हातच खराब. यावर एक स्वस्त उपाय आहे, लांबच्या नंबरात +०.५ किंवा +०.७५ वाढवून नेमबाजीचा वेगळा चष्मा करून घ्यायचा, म्हणजे डोळा आपोआप सव्वा ते दोन मीटरच्या आसपास फोकस होतो आणि पीप साइटसोबत फोरसाइट आणि टार्गेट दोन्ही सावरून जातात. नेहमीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा मात्र नको, प्रोनमध्ये मान अशी वळते की आपण काचेच्या भलत्याच कोपऱ्यातून बघत असतो.

आणि दुसरा उपाय स्कोप. स्कोपचा मोठेपणा लोक मॅग्निफिकेशनमध्ये मोजतात, पण माझ्या मते त्याचं खरं काम वेगळं आहे. पुढचं भिंग टार्गेटची प्रतिमा स्कोपच्या नळीच्या आत तयार करतं आणि ती जिथे तयार होते तिथेच क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, बसवलेला असतो, म्हणजे टार्गेट आणि क्रॉसहेअर डोळ्यासाठी एकाच अंतरावर आले. तीन गोष्टींतून निवड करायची कटकटच संपली, साठीच्या भिंगालाही एकाच ठिकाणी बघायचंय, आणि डोळ्याकडची रिंग फिरवून ते ठिकाण स्वतःच्या नजरेप्रमाणे लावता येतं. दोन साइट्समधल्या अंतराशीही काही घेणंदेणं राहत नाही.

पण २५ मीटरवर स्कोपची एक खोड आहे जी फार कमी लोक तपासून येतात, ती म्हणजे पॅरलॅक्स. टार्गेटची प्रतिमा क्रॉसहेअरच्या बरोबर पातळीवर फक्त एका ठरावीक अंतरासाठीच पडते. मोठ्या रायफलसाठीचे बरेच स्कोप कारखान्यातच १०० यार्ड किंवा जास्त अंतरासाठी लावून ठेवतात, .२२ साठीचे ५० यार्डांच्या आसपास. अंतर बदललं की प्रतिमा क्रॉसहेअरच्या पुढेमागे पडते आणि डोकं हललं की रायफल न हलताही क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो. किती? ४० मिमीचं पुढचं भिंग, १०० मीटरवर लावलेला स्कोप आणि २५ मीटरवरचं टार्गेट धरलं तर डोळा अगदी कडेला गेल्यावर १५ मिमीपर्यंत, म्हणजे २ एमओए, आपल्याला परवडणाऱ्या ग्रुपच्या निम्मं हे एकट्यानेच खाल्लं. डोळा मधोमध असेल तर चूक शून्य, पण पोझिशन बदलली की गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, त्यात स्कोप उंच माउंटवर असेल तर गाल टेकतच नाही, हनुवटी टेकते. तपासायला सोपं आहे, रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, हात न लावता डोकं वरखाली करा, क्रॉसहेअर कागदावर चालायला लागला तर पॅरलॅक्स आहे. जवळच्या अंतराला लावता येणारा स्कोप असेल तर प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट डोळ्यापेक्षा मनाची जास्त आहे. माणूस कधीच स्थिर नसतो, नाडी चालू असते, श्वास चालू असतो, उभ्याने तर आख्खं शरीर डुलतं. लोखंडी साइटमधून हे डुलणं लहान दिसतं, ९ पटीच्या स्कोपमधून नऊ पट. रायफल तेवढीच हलतेय, फक्त आता दिसतंय, आणि नवखा माणूस ते बघून घाबरतो आणि क्रॉसहेअर मध्यावरून जाताना "आत्ता!" म्हणून ट्रिगर झटकतो. बघून ठरवून बोट हलायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, तोवर मध्य निघून गेलेला असतो आणि झटक्याने रायफल अजून हलते ते वेगळंच. हळू दाबत राहिलं असतं तर गोळी त्याच डुलण्याच्या आत कुठेतरी लागली असती. म्हणून मी पहिल्यांदा जाणाऱ्याला ९ पट लावू नका म्हणेन, ३ किंवा ४ बस. जास्त मॅग्निफिकेशनला दिसण्याचा आवाकाही लहान होतो, एक मिनिटात मॅगझिन बदलून दोन-तीन टार्गेटवर जायचं तर बरेच सेकंद चित्र शोधण्यातच जातात. आणि ४० मिमीच्या भिंगाला ४ पट ठेवली की डोळ्याकडे १० मिमीचा प्रकाशाचा झोत येतो, ९ पटीला जेमतेम ४.४ मिमीचा, त्यामुळे कमी पटीला डोळा थोडा चुकला तरी चित्र काळं पडत नाही.

अमेरिकेतल्या सर्व्हिस रायफल (लष्करी धाटणीच्या रायफलींच्या) स्पर्धा कित्येक दशकं लोखंडी साइटवरच चालायच्या, तिथे २०१६ पासून ४.५ पटीपर्यंतचा स्कोप चालायला लागला. मला तो निर्णय योग्य वाटतो, मुरलेल्या वयस्क नेमबाजाचं कौशल्य त्याच्या भिंगाच्या कडकपणामुळे वाया जाऊ नये.

मग कुणी काय घ्यावं? तिशीच्या आत असाल आणि नजर चांगली असेल तर माझं मत सरळ पीप साइट, कारण ट्रिगर, श्वास आणि पोझिशन यांच्याकडे लक्ष राहतं आणि फोरसाइटवर टिकून राहायची सवय पुढे स्कोपलाही उपयोगी पडते. चाळिशी ओलांडली असेल तर आधी घरी रिकाम्या रायफलची फोरसाइट चांगल्या उजेडात दोन मिनिटं बघा, कड तीक्ष्ण राहते का विरघळते? विरघळत असेल तर वर सांगितलेला चष्मा किंवा स्कोप, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त रायफलवर फॅक्टरीची घडीची पाती असेल तर स्कोप नको म्हणून तिच्यावरच अडून बसू नका, या तिन्हींत ती सगळ्यात अवघड आहे आणि शिकणाऱ्याच्याच वाट्याला ती येते.

स्कोप नेणार असाल तर झीरो करतानाचा (म्हणजे गोळी नेमाच्या जागीच लागेल असा स्कोप लावतानाचा) एक हिशोब आधीच पाठ करा. बहुतेक स्कोपचा एक क्लिक पाव एमओएचा असतो पण डब्यावर तो १०० यार्डांच्या मापात लिहिलेला असतो. २५ मीटरवर एक क्लिक म्हणजे जेमतेम १.८ मिमी, म्हणजे ग्रुप २९ मिमी बाजूला लागत असेल तर १६ क्लिक फिरवायचे. लोक तिथे चार क्लिक देतात, गोळी हलली नाही असं वाटतं, आणि स्कोपच खराब आहे म्हणून अर्धी सकाळ त्याचे स्क्रू आवळण्यात घालवतात.