ओळखीचं गणित आणि शिंपीणबाईचं मशीन

समजा, गावातून तालुक्याला जाणाऱ्या दोन एसटी आहेत, एक सकाळी सहाची आणि दुसरी नऊची. सहाच्या गाडीत १० माणसं बसतात. नऊच्या गाडीत शाळा-कॉलेजची मुलं, कचेरीला निघालेले, बाजारकरी असे मिळून ७० जण कोंबलेले असतात. आगाराच्या वहीत गाडीमागे सरासरी ४० प्रवासी लागतील, म्हणजे सगळ्यांना बसायला जागा. आता त्याच ८० प्रवाशांना उतरताना विचारा, ‘तुमच्या गाडीत किती माणसं होती?’ दहा जण सांगतील १०, सत्तर जण सांगतील ७०. त्यांच्या उत्तरांची सरासरी येते ६२.५. वहीतला हिशेब खरा आहे आणि प्रवाशांची तक्रारही खरी आहे. गर्दीच्या गाडीत माणसं जास्त असतात, त्यामुळे गर्दी अनुभवणारेही जास्त असतात, एवढीच यातली मेख.

हीच मेख मैत्रीतही आहे, हे स्कॉट फेल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९९१ साली दाखवून दिलं. जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतल्या शाळांमध्ये ‘तुझ्या मैत्रिणी कोण?’ असं मुलींना विचारून जमवलेली माहिती हाताशी होती. फेल्ड यांनी त्यावरून हिशेब मांडला. निष्कर्ष असा, की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला हे अशक्य वाटतं. सगळेच सरासरीपेक्षा कमी कसे असतील? पण इथे तुलना सगळ्या समूहाशी नाही, आपल्या मित्रांशी आहे, आणि आपले मित्र कोण होतात यातच गणिताचं उत्तर दडलंय.

कागदावर पाच ठिपके काढून बघा. मधला ठिपका म्हणजे गल्लीतली शिंपीणबाई, बाकीच्या चार तिच्या शेजारणी. चौघींची बाईशी ओळख आहे. चौघींपैकी फक्त दोघी एकमेकींना ओळखतात, उरलेल्या दोघींना बाईशिवाय कुणी नाही. ओळखी मोजल्या तर बाईच्या ४, दोघींच्या २-२, उरलेल्या दोघींची १-१. बेरीज १०, सरासरी २. आता प्रत्येकीनं आपल्या मैत्रिणींच्या ओळखींची सरासरी काढायची. बाईचं उत्तर येतं १.५, मधल्या दोघींचं ३ आणि उरलेल्या दोघींचं ४. या पाच उत्तरांची सरासरी ३.१. चार जणींना आपण मागे आहोत असं वाटणार, आणि कुणाचीच मोजणी चुकलेली नाही. कारण चौघींच्याही यादीत शिंपीणबाई आहे. ज्याच्या ओळखी जास्त, तो जास्त लोकांच्या यादीत येतो आणि जास्त वेळा मोजला जातो.

सगळ्यांच्या ओळखी अगदी सारख्या असत्या तर हा फरक पडलाच नसता. माणसामाणसांतली तफावत जितकी मोठी, तितकी ही दरी रुंद होते. म्हणून ऑनलाइन जगात ती अफाट आहे. २०११ साली फेसबुकवर तेव्हा असलेल्या ७२.१ कोटी लोकांच्या मैत्रीचा एकत्रित अभ्यास झाला. माणसामागे सरासरी १९० मित्र निघाले. पण त्या मित्रांच्या मित्रांची सरासरी होती ६३५! १०० पैकी ९३ जण आपल्या मित्रांच्या सरासरीपेक्षा मागे होते. म्हणजे फोन उघडल्यावर ‘आपल्यालाच कुणी विचारत नाही’ असं ज्याला वाटतं, तो एकटा नसतो. जवळजवळ सगळे त्याच्याच रांगेत उभे असतात, फक्त ती रांग फोनवर दिसत नाही.

पुढे संशोधकांनी विचारलं, की हे मित्रांच्या संख्येपुरतंच आहे का? अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या योहान बोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या सुमारे ३९ हजार जणांच्या लिखाणातले शब्द तपासून त्यांच्या आनंदाचा अंदाज बांधला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिथंही तोच कल दिसला. मैत्रीइतका ठळक नव्हता, पण होता. ज्यांना खूप लोक ओळखतात ते थोडे जास्त आनंदीही असले, तर त्यांचा आनंद पुन्हा पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

यातून आणखी एक भ्रम तयार होतो, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. बारा घरांची एक चाळ घ्या. त्यातली तीन घरं बोलकी, सगळ्यांशी जोडलेली. उरलेल्या नऊ घरांपैकी प्रत्येकाचा संबंध या तीन घरांशी आणि आपल्यासारख्याच आणखी दोन घरांशी, म्हणजे एकूण पाच घरांशी. आता त्या तीन बोलक्या घरांनीच मुलांना लाखभर रुपयांच्या क्लासला घातलं. चाळीत हे प्रमाण बारात तीन, म्हणजे चौथा हिस्सा. पण उरलेल्या नऊपैकी कुठल्याही घरातून पाहा, ओळखीच्या पाचांपैकी तिघांची मुलं क्लासला! ‘सगळेच घालतात हो, आपणच मागे,’ हे वाक्य त्या रात्री नऊही घरांत बोललं जाणार. क्रिस्टिना लर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली याला बहुमताचा भास म्हटलं. क्लासच्या जागी दारू, द्वेषाची भाषा किंवा लशीबद्दलची शंका ठेवून पाहा. मूठभर लोकांचं वागणं ही जगरीत वाटायला लागते. त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही, ती मूठभर माणसं मोक्याच्या जागी असली की पुरे.

पण याच गणितावर माझा जीव जडलाय तो त्याच्या दुसऱ्या बाजूमुळे. जे मनाला खुपतं तेच जीव वाचवायला वापरता येतं.

२००९ सालच्या ऑगस्टमधलं पुणं आठवा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला होता. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. साथ नेमकी कुठवर आली आहे, ते मात्र दवाखाने भरल्यावरच कळायचं. त्याच वर्षीच्या शेवटच्या महिन्यांत निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ७४४ विद्यार्थ्यांवर नजर ठेवली. ३१९ जण त्यांनी कसलाही निकष न लावता निवडले आणि त्यांना मित्रांची नावं विचारली. उरलेले ४२५ हे असे कुणी ना कुणी नाव घेतलेले मित्र. या मित्रांच्या गटात फ्लूची साथ सुमारे १४ दिवस आधी पोचली. ओळखी जास्त, म्हणून लागणही लवकर. गणितानं सांगितलं होतं तसंच झालं. दोन आठवड्यांची आगाऊ सूचना म्हणजे खाटा, औषधं, माणसं यांची तयारी करायला मिळालेला वेळ.

त्याआधी २००३ साली रूवेन कोहेन, श्लोमो हावलिन आणि डॅनियल बेन-अव्रहम यांनी लसीकरणाची एक युक्ती मांडली होती. लस थोडी आहे आणि कोणाच्या ओळखी जास्त याची यादी हाताशी नाही. मग कुणालाही गाठायचं, त्याला ओळखीच्या कुणा एकाचं नाव विचारायचं आणि लस त्या दुसऱ्याला द्यायची. इतकंच. जास्त जोडलेली माणसं या एका प्रश्नानं आपोआप जाळ्यात येतात आणि साथीची साखळी तुटते. अवघ्या एका प्रश्नावर उभी असलेली इतकी साधी, स्वस्त आणि सुंदर युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि भारतातल्या खेड्यांमध्ये हा धागा आणखी पुढे गेला. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना साधारण असा प्रश्न विचारला, ‘गावात जत्रा किंवा कार्यक्रम ठेवायचा आहे, सगळ्यांना कळायला हवं, तर आम्ही कुणाला सांगू?’ कर्नाटकातल्या गावांत त्यांनी सोडतीची खबर सोडली. एका नंबरवर फोन केला की सोडतीत नाव, बक्षीस मोबाइल किंवा रोख रक्कम. काही गावांत ही खबर चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुणालाही सांगितली, काही गावांत मानाच्या माणसांना, तर काही गावांत लोकांनी ज्यांची नावं घेतली होती त्यांना. खबर सगळ्यात दूर गेली ती या तिसऱ्या प्रकारात. मानाच्या माणसांकडूनही ती तितकी पसरली नाही.

मग हरियाणातल्या ५२१ गावांत बालकांच्या लसीकरण शिबिरांची माहिती याच पद्धतीनं दिली. गावानं सुचवलेल्या माणसांकडून निरोप गेला तिथं दर महिन्याला लस मिळालेल्या मुलांची संख्या, निरोप चिठ्ठ्या टाकल्यासारखा कुणालाही दिलेल्या गावांपेक्षा, २२ टक्क्यांनी जास्त होती. लस तीच, शिबिरही तेच, बदलला तो फक्त पहिला निरोप्या.

इथे एक बारकावा आहे. लोकांनी घेतलेली नावं नुसती भरपूर ओळखीवाल्यांची किंवा पदावरच्यांची नव्हती. ज्यांच्याकडून गेलेली बातमी आणखी चार हात पुढे जाते, अशा जागी बसलेली ती माणसं होती. हे गावाला कसं कळतं? कोणाचा कोणाशी संबंध आहे याचा नकाशा कुणाच्याच डोक्यात पूर्ण नसतो. पण कोणाबद्दलच्या गोष्टी आपल्या कानावर वरचेवर येतात, हे प्रत्येकाला नकळत ठाऊक असतं. तेवढ्यावरून लोक अचूक बोट दाखवतात. मोठमोठ्या कंपन्या आपल्या मैत्रीचे नकाशे कुलपात ठेवून बसल्या आहेत. आरोग्य केंद्राला मात्र कुलूप उघडायची गरज नाही, दारात जाऊन विचारलं तरी पुरतं.

माझ्या आजोळी खरोखरच एक शिंपीणबाई होत्या. ना सरपंच, ना शिकलेल्या. ओट्यावर पायमशीन, बाजूला चिंध्यांचं बोचकं, आणि झंपराचं माप द्यायला, फॉल लावून न्यायला, पोराच्या चड्डीला नाडी घालायला गावातल्या प्रत्येक आळीची बाई आठवड्यात एकदा तरी तिथं टेकलेली. पल्स पोलिओच्या आदल्या दिवशी नर्सबाई यायच्या, त्या ग्रामपंचायतीत नुसती वर्दी द्यायच्या आणि थेट या ओट्यावर येऊन बसायच्या. चहा व्हायचा. मशीन थांबायचं. ‘उद्या नऊला, शाळेत,’ एवढंच त्या सांगायच्या आणि पुढच्या गावाला निघायच्या.