दूध नाकारणारे बाळ आणि अर्ध्या सेकंदाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीचे सात आठवड्यांचे बाळ एकाएकी दूध पिईनासे झाले. छातीशी घेतले की ते अधीरपणे तोंड उघडे, दोन-तीनदा ओढे आणि मग मान मागे टाकून, पाठीची कमान करून असे काही रडे की घरातल्या सगळ्यांचा जीव कासावीस होई. कोणी म्हणाले आईचे दूध आटले, कोणी म्हणाले बाळंतिणीच्या जेवणातला लसूण बाधला, आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट तर दोनदा काढून झाली होती. भाचीने मला एवढेच विचारले, "मामा, त्याला माझे दूध नकोसे झाले आहे का हो?" हा प्रश्न किती आया मनातल्या मनात स्वतःला विचारत असतील, या विचाराने मी हा लेख लिहायला घेतला.

दूध नको असते, तर बाळाने मुळात तोंडच उघडले नसते. ते तोंड उघडत होते, पकडत होते, ओढत होते आणि तिसऱ्या-चौथ्या घोटाला सोडत होते. म्हणजे भूक होती आणि दूधही होते. त्याला कानाजवळ धरले तेव्हा नाकातून बारीक घरघर ऐकू येत होती. अडचण दुधाची नव्हती, श्वासाची होती. ती कशी, हे समजण्यासाठी बाळ दूध पिते म्हणजे नेमके काय करते, ते थोडे जवळून पाहावे लागेल.

बाळ जिभेने आणि हिरड्यांनी स्तन पिळून दूध काढते, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दूध पिणाऱ्या बाळांच्या हनुवटीखाली सोनोग्राफीचे यंत्र लावून आणि त्याच वेळी तोंडातला दाब मोजून 2008 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत वेगळे चित्र दिसले. बाळ ओठांनी आणि जिभेने तोंड हवाबंद करते आणि मग जीभ खाली ओढते. त्यामुळे तोंडात पोकळी वाढते, दाब घटतो आणि दूध आत येते; इंजेक्शनच्या सिरिंजचा दट्ट्या मागे ओढावा तसे. स्तन तोंडात नुसता धरून ठेवण्यासाठी बाळ दाब सरासरी साठेक मिलिमीटर पाऱ्याने कमी राखते, आणि प्रत्येक ओढीच्या टोकाला ही घट सुमारे 145 मिलिमीटरपर्यंत जाते. वातावरणाचा दाब 760 मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे मूठभर जीव त्याचा जवळजवळ एक पंचमांश भाग आपल्या जिभेने उणा करतो, हे कळते. मला हा आकडा आजही थक्क करतो.

ओढलेले दूध आता गिळायचे असते, आणि खरी कसोटी तिथे लागते. बाळाला एकाच वेळी गिळता आणि श्वास घेता येतो, असे अजूनही पुष्कळ जण सांगतात. या समजुतीला शरीररचनेचा थोडा आधार आहे. तान्ह्या बाळाचे स्वरयंत्र मोठ्या माणसाच्या मानाने घशात बरेच वर असते, त्यावरची झडप मृदू तालूपर्यंत पोहोचते, आणि त्यामुळे हवेची वाट मधून व दुधाची वाट दोन्ही बाजूंच्या खोबणींतून, अशी विभागणी काही अंशी होते. पण बाळांचे गिळणे आणि श्वास एकत्र नोंदवले गेले, तेव्हा दिसले की प्रत्येक घोटाला श्वासमार्ग बंद होतो आणि श्वास सुमारे अर्धा सेकंद पूर्ण थांबतो. घोट गेला की मार्ग उघडतो, श्वास होतो, पुन्हा ओढ, पुन्हा घोट. या तालाची सूत्रे मेंदूच्या तळाशी, शाळेच्या पुस्तकात ज्याला मस्तिष्कपुच्छ म्हटले जाते त्या भागात असतात. गर्भ पोटात असतानाच गर्भजल गिळण्याचा सराव करतो, पण ओढणे, गिळणे आणि श्वास या तिन्हींचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. म्हणूनच त्याआधी जन्मलेल्या बाळांना बहुधा नळीने दूध द्यावे लागते.

आता हिशेब करू. भुकेले बाळ दूध भरभरून येत असताना सेकंदाला साधारण एकदा ओढते, आणि पहिल्या काही मिनिटांत बहुतेक प्रत्येक ओढीला किंवा दोन ओढींमागे एक घोट असतो. स्वस्थ बाळाचा श्वास मिनिटाला चाळीसच्या आसपास धरला, तर एका श्वासाला दीड सेकंद मिळतो. त्यातून अर्धा सेकंद गिळण्यात गेला तरी एक सेकंद उरतो आणि ते निभावून नेते. तरीसुद्धा पहिल्या सलग ओढीच्या काळात फुप्फुसांत जाणारी एकूण हवा कमीच होते, आणि बाळ थांबून थांबून पिऊ लागले की ती भरून निघते. बाळ मध्येच थांबते ते आळसाने नव्हे, ते श्वासाची उधारी फेडत असते. पण श्वास मिनिटाला साठवर गेला, की एका श्वासाला एकच सेकंद उरतो आणि त्यातला अर्धा घोटात जातो. अशा बाळापुढे दूध आणि हवा यांतले एकच निवडण्याची वेळ येते, आणि ते हवा निवडते.

चोंदलेल्या नाकाने नेमके हेच होते. पहिले काही महिने बाळ जवळजवळ नाकानेच श्वास घेते. तोंडाने घेणे त्याला अशक्य नसते, पण स्तन तोंडात असताना तो मार्ग बंदच असतो. नळीतून हवा संथपणे वाहत असेल, तर होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. नाकाची वाट ही काही सरळ, गुळगुळीत नळी नव्हे, त्यामुळे हे गणित तिथे तंतोतंत लागू पडणार नाही, पण अंदाज येतो: दोन मिलिमीटर त्रिज्येच्या वाटेत 0.4 मिलिमीटर जाडीचा शेंबडाचा थर बसला, तर अडथळा सुमारे अडीचपट होतो. आपल्या नाकात तेवढ्याच थराने विशेष काही जाणवणार नाही. म्हणून "साधी सर्दी तर आहे" हे वाक्य मोठ्यांच्या नाकाला लागू असते, सात आठवड्यांच्या नाकाला नव्हे.

उपाय त्यामुळे अगदी साधा निघाला. औषधांच्या दुकानात मिळणारे सलाइनचे नाकाचे थेंब, बाळाच्या डॉक्टरांनी सांगितले तेवढे, पाजण्याआधी काही मिनिटे घालायचे, सैल झालेला शेंबूड हलकेच पुसायचा, बाळाला आडवे न धरता थोडे उभे धरून पाजायचे आणि एका वेळी थोडे थोडे पाजायचे. भाचीने तसे केले आणि बाळ सलग पाच मिनिटे प्यायले. आवाज येत होता तो फक्त घोटांचा.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मीठ-मोहऱ्या ओवाळल्याने बाळाच्या शरीराला काही होत नाही, पण त्यात वेळ जातो. मात्र त्याच आस्थेने दिली जाणारी ओवा-धुपाची धुरी अपाय करते, कारण धुराने नाकाच्या आतले अस्तर सुजते आणि जी वाट आधीच अरुंद आहे ती आणखी अरुंद होते. नाकात कोमट तेलाचे थेंब घालणे तर त्याहून घातक आहे. तेल श्वासमार्गातून सहज बाहेर फेकले जात नाही. ते फुप्फुसांत उतरले तर न्यूमोनिया होतो, आणि अशी बाळे आपल्या देशात रुग्णालयांत दाखल झालेली आहेत. मध चाटवणेही वर्षाच्या आत नकोच, कारण त्यातून बॉट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू पोटात जाऊ शकतात.

लसणाचा आरोपही निकालात काढायला हवा, कारण त्यापायी बाळंतिणींना आठवडेच्या आठवडे बेचव जेवणावर ठेवले जाते. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत मेनेला आणि बोशाम्प यांनी 1991 साली आयांना लसणाच्या अर्काच्या गोळ्या देऊन पाहिले. दुधाला लसणाचा वास आला, तो सुमारे दोन तासांनी सर्वांत तीव्र होता, आणि बाळे त्या दुधाला उलट जास्त वेळ चिकटून राहिली. शेपू, लसूण आणि सुंठ खाणाऱ्या आपल्या बाळंतिणींनी याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

दूध नाकारण्याची सगळी कारणे अर्थात नाकात नसतात. पान्हा जोराने फुटला तर बाळाला ठसका लागतो आणि ते बिचकते. आईने मागे रेलून पाजले की ओघ मंदावतो. तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे असतील, तर बुरशीच्या संसर्गाने ओढताना दुखते. कान दुखत असेल, तर गिळताना कळ येते. चार-पाच महिन्यांचे बाळ प्रत्येक आवाजाकडे वळून पाहते. त्याला शांत, अंधाऱ्या खोलीत पाजावे. कामावर परतलेल्या आईचे फ्रिजमध्ये ठेवलेले दूध बाळ नाकारत असेल, तर ते हुंगून पाहावे. दुधातले लायपेज हे विकर थंडीतही स्निग्धांशाचे विघटन करत राहते आणि दुधाला साबणासारखा वास येतो. ते खराब नसते, पण काही बाळांना चालत नाही. दूध काढल्याबरोबर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार केले, तर हा वास येत नाही. दुधातले काही संरक्षक घटक मात्र त्यात कमी होतात.

कारण कोणतेही असो, बळजबरी करू नये. अनेक घरांत अजून बोंडले आहे, आणि जाग्या, शांत बाळाला ओठाशी टेकवून त्याच्या गतीने पाजले तर ते उपयोगी आहे. पण रडणाऱ्या बाळाचे नाक दाबून किंवा जबडा धरून दूध ओतले, की ज्या अर्ध्या सेकंदात मार्ग बंद व्हायला हवा, त्याच वेळी बाळ किंचाळण्यासाठी श्वास आत खेचत असते, आणि दूध श्वासनलिकेत जाते.

वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे, अशा खुणाही ठरलेल्या आहेत. बाळ अजिबात दूध घेत नसेल, जागे करूनही मलूल राहत असेल, ताप असेल किंवा अंग गार पडले असेल, टाळू खोल गेली असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा चोवीस तासांत सहाहून कमी लंगोट ओले होत असतील, तर सर्दी म्हणून घरी थांबू नये. पिताना कपाळावर घाम येणे आणि दोन घोटांत दमणे ही हृदयाच्या आजाराची खूण असू शकते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा शांत असतानाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो वैद्यकीय नियमानुसार जलद श्वास होय. तान्ह्या बाळाचा श्वास लयीत नसतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. पूर्ण मिनिटभर मोजावे, आणि आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावे. भाचीने त्या रात्री बाळाचे झबले वर सरकवून, घड्याळ उशाशी ठेवून, वरखाली होणाऱ्या पोटाकडे पाहत मोजले. 46 भरले.