दोष पेशीत की तिला पोसणाऱ्या जागेत?

मिरजेतल्या दवाखान्यांबाहेर सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात घेऊन उभी असलेली माणसे आपल्या आकड्यासमोर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा आधी शोधतात. त्या मर्यादा उंदराला लावल्या, तर निरोगी उंदीरही आजारी ठरेल. माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात 1.5 ते 4.5 लाख प्लेटलेट असतात, उंदराच्या रक्तात त्या 10 लाखांच्या आसपास असतात. त्याच्या तांबड्या पेशी संख्येने माणसाच्या जवळजवळ दुप्पट, पण आकाराने लहान असतात आणि 120 ऐवजी सुमारे 40 दिवसच जगतात. म्हणून उंदरातल्या एखाद्या उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातल्या बदलाचा, रक्तावरचा परिणाम मोजताना त्याच वंशातल्या निरोगी उंदरांशीच तुलना करावी लागते.

अशा उत्परिवर्तनांपैकी ‘डब्ल्यू’ आणि ‘स्टील’ ही जोडी मला सर्वांत बोलकी वाटते. आई आणि वडील दोघांकडूनही यांपैकी एका जनुकाची सदोष प्रत मिळालेली जी पिल्ले जगतात, त्यांचे अंग पांढरे, डोळे मात्र काळे असतात. ती बहुधा वंध्य असतात, त्यांच्या तांबड्या पेशी कमी भरतात आणि ज्या असतात त्या नेहमीपेक्षा मोठ्या असतात. केसांचा रंग, प्रजनन आणि रक्त यांचा परस्परसंबंध वरवर पाहता लागत नाही. परंतु गर्भावस्थेत रंगपेशींच्या, जननपेशींच्या आणि रक्ताच्या मूळपेशींच्या (ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी बनतात) पूर्वजांना तगून राहण्यासाठी एकच रासायनिक संदेश लागतो, हे कळले की कोडे सुटते.

दोन्ही उंदरांचा रिपोर्ट जवळपास सारखाच, तरी दोष वेगळा आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला वेल खुरटली की खुंटात खोट आहे की त्यावर भरलेल्या कलमात, हा प्रश्न पडतो. नेमका तोच प्रश्न इथे प्रत्यारोपणाने सोडवला गेला. निरोगी अस्थिमज्जा टोचल्यावर ‘डब्ल्यू’ उंदराचा पांडुरोग, म्हणजे तांबड्या पेशींची कमतरता, बरा झाला, ‘स्टील’चा झाला नाही. उलट ‘स्टील’ उंदराची मज्जा ‘डब्ल्यू’ला दिली, तेव्हा ती तिथे उत्तम रुजली. म्हणजे पहिल्यात मूळपेशीच अधू होत्या, तर दुसऱ्यात त्या धडधाकट असून त्यांना पोसणारी जागा निकामी होती. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एलिझाबेथ रसेल यांनी या उंदरांवर दीर्घकाळ काम केले. संबंधित जनुके मात्र बरीच उशिरा हाती लागली: 1988 मध्ये ‘डब्ल्यू’चे जनुक म्हणजे ‘किट’ हे संदेशग्राहक प्रथिन घडवणारे जनुक असल्याचे कळले आणि 1990 मध्ये ‘स्टील’चे जनुक त्याच प्रथिनाला चिकटणारा संदेशरेणू बनवते, हे उघड झाले.

केवळ संख्या पाहून निदान का करू नये, हे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांमध्येही दिसते: त्यांच्या तांबड्या पेशी बऱ्याचदा संख्येने जास्त, पण आकाराने बारीक असतात, म्हणजे ‘डब्ल्यू’ उंदराच्या नेमके उलट. माणसातही ‘किट’मध्ये उत्परिवर्तन आढळते, कपाळावर जन्मजात पांढरी बट आणि अंगावर पांढरे चट्टे असलेल्या काही कुटुंबांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. मात्र त्यांच्याकडे सहसा एकच प्रत सदोष असते, दुसरी निरोगी प्रत रक्ताचे काम निभावून नेते आणि त्यांचा सीबीसी बहुधा सामान्यच येतो.