'लर्न्ट' ही चूक नव्हे

इंग्रजीतल्या 'लर्न' (शिकणं) या क्रियापदाचं भूतकाळी रूप 'लर्न्ड'च (learned), 'लर्न्ट' (learnt) अशुद्ध, असं कित्येक शिकवण्यांमध्ये अजून ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. दोन्ही रूपं शुद्ध आहेत. अमेरिकेत शेवटी 'ईडी' असलेलं रूप रूढ आहे. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे दोन्ही चालतात. 'टी' लिहिला म्हणून मुलांचे गुण कापणं हा निव्वळ अन्याय आहे.

खरी गफलत होते ती उच्चारात. कोर्टात वकील समोरच्या वकिलाला 'माय लर्निड फ्रेंड' म्हणतात, तेव्हा 'ईडी'वाल्या स्पेलिंगचाच उच्चार 'लर्-निड' होतो आणि अर्थ 'विद्वान'. तिथे 'टी' मात्र चालत नाही. शिवाय 'आय लर्न्ड ऑफ हिज डेथ' यात शिकण्याचा संबंधच नाही. त्यांच्या निधनाची बातमी कळली, एवढाच अर्थ.