कळलं नाही, हे कळणं

समुद्रातल्या माशांवरचा एक छोटा उतारा. माशांना दिसण्यासाठी प्रकाश लागतो, असं त्यात म्हटलं आहे. समुद्राच्या तळाशी प्रकाश मुळीच नसतो, तिथे काळाकुट्ट अंधार असतो, माशांना काही दिसत नाही, रंगसुद्धा दिसत नाहीत, असंही म्हटलं आहे. आणि शेवटी येतं की, तळाशी राहणारे काही मासे रंगावरून आपलं अन्न ओळखतात.

एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने असे उतारे तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना वाचून दाखवले. मला मुलांसाठी लिहायचं आहे, कुठे काही खटकलं तर सांगा, असं मुलांना आधीच सांगितलेलं होतं. तरीही पुष्कळ मुलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. यातली मुलं मंद नव्हती, बेफिकीरही नव्हती. प्रत्येक वाक्य त्यांना समजलं होतं. दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून पाहायची असतात, एवढंच त्यांच्या हातून होत नव्हतं. उताऱ्यात काहीतरी गडबड आहे असं आधी सांगितलं, तर सहावीतली मुलं ती बरीच पकडू शकली. म्हणजे मोठ्या मुलांमध्ये क्षमता होती, पण ती आपणहून जागी होत नव्हती.

वाचन-लेखनाच्या परीक्षेची तयारी म्हटली की सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा समोर येतो. माझ्या मते नऊ ते बारा वर्षांच्या मुलांची खरी तयारी या माशांच्या उताऱ्यापासून सुरू व्हायला हवी. आपल्याला कळलेलं नाही, हे मुलाला स्वतःला कळतं का?

एक साधा उतारा घेऊ. ‘वारा सुटला. टेबलावरचे कागद उडू लागले. आजोबांनी उठून खिडकी बंद केली आणि ते पुन्हा लिहायला बसले.’ प्रश्न असा, की आजोबांनी खिडकी का बंद केली? वहीत बऱ्याचदा उत्तर येतं: ‘आजोबांनी उठून खिडकी बंद केली आणि ते पुन्हा लिहायला बसले.’ मुलाने प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधले, ते जिथे सापडले ते वाक्य उतरवून काढलं. उत्तर लिहिलं याचं त्याला समाधानही वाटतं. पण खरं उत्तर कुठल्याही एका वाक्यात नाही. ते दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे आणि ती जागा वाचणाऱ्याने भरायची आहे.

ही उतरवण्याची सवय फार दूर नेत नाही. चौथीच्या मुलांची ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय वाचनचाचणी २००१पासून दर पाच वर्षांनी घेतली जाते. तिच्या २०१६च्या आराखड्यात उताऱ्यात थेट दिलेली माहिती शोधण्याला फक्त २० टक्के वाटा होता. साधे तर्क बांधायला ३० टक्के, वेगवेगळ्या ठिकाणची माहिती जोडून अर्थ लावायला ३० टक्के, आणि मजकूर पारखायला उरलेले २० टक्के. चांगल्या परीक्षेतला मोठा भाग असा न लिहिलेल्या जागांमध्ये असतो.

त्या जागा भरायच्या कशाने? फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६मध्ये वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं: आकलन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. यातला गुणाकार महत्त्वाचा आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर दुसरं कितीही असलं तरी हाती शून्यच येतं. जे मूल पाचवीतही अडखळत, अक्षर लावत वाचतं, त्याच्या बाबतीत वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निसटलेली असते. अशा मुलाला प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका देणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला आधी रोज थोडं मोठ्याने वाचायला बसवावं, तोच परिच्छेद दोन-तीनदा, शेजारी कुणीतरी ऐकायला असावं.

आणि भाषेच्या समजेत शब्दांच्या जोडीला जगाची माहितीही येते. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८चा प्रयोग मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी सातवी-आठवीच्या ६४ अमेरिकन मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि वाचलेलं सगळं एका छोट्या मैदानाच्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून करून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली. म्हणून परीक्षा जवळ आली की विज्ञान, इतिहास, भूगोलाचे तास कापून तिथे उतारे सोडवून घेणं हे उलटं पडतं. ज्वालामुखीबद्दल, मधमाश्यांबद्दल, जुन्या नगरांबद्दल मुलाने जे ऐकलं-वाचलं आहे, तेच उद्या अनोळखी उताऱ्यात त्याच्या मदतीला येतं.

सराव नको असं मी म्हणत नाही. सराव कसला, हा प्रश्न आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र पालटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाची जास्त खात्री वाटत होती. मासे आणि अंधाराचीच ही गोष्ट आहे. ओळखीचा झालेला मजकूर समजलेला वाटतो.

लहान मुलांबरोबर याचं रूप अगदी घरगुती ठेवता येतं. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक पालथं घालायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. मग मुलानेच एक प्रश्न काढायचा, तोही ज्याचं उत्तर एका वाक्यात सापडणार नाही असा. ॲनमरी पालिंकसर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४मध्ये सातवीच्या, आकलनात मागे पडलेल्या मुलांना चार कामं आळीपाळीने ‘शिक्षक’ होऊन करायला लावली: सारांश सांगणं, प्रश्न काढणं, अडलेली जागा उलगडणं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं. काही आठवड्यांत त्यांचं आकलन स्पष्टपणे सुधारलं. या चारही कामांत एक गुण आहे. डोक्यात धुकं असेल, तर मूल ते करूच शकत नाही, आणि त्यालाच ते जाणवतं.

लेखनात हे धुकं आणखी दाट असतं. या वयात अक्षर वळवणं, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं यांतच मनाची बरीच शक्ती खर्च होते. विचारासाठी उरते ती थोडी. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डमालिया यांनी १९८७मध्ये दाखवून दिलं की, नवशिकं मूल विषयाबद्दल आठवेल ते आठवेल त्या क्रमाने सांगत जातं आणि आठवणं थांबलं की लिखाणही थांबतं. म्हणून लिहिण्याआधीची पाच मिनिटं मोलाची. नुसते शब्द टिपायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, एखादा काटायचा. आणि अक्षर हाताला बसलेलं असावं, कारण हात चालला तरच डोकं मोकळं राहतं.

सगळ्यांत अवघड असतं स्वतःचं लिखाण तपासणं. ‘पुन्हा एकदा वाचून बघ’ म्हटलं की मूल नजर फिरवतं, एखादी वेलांटी दुरुस्त करतं आणि वही देऊन टाकतं. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्या डोक्यात असतंच, त्यामुळे कागदावर नसलेलंही त्याला तिथे दिसतं. अशा वेळी दुसऱ्याने ते वाचावं, मोठ्याने, जसं लिहिलं आहे तसंच, मनाची काही भर न घालता.

‘मंगेश आणि सुरेश शर्यतीत पळत होते. तो पडला म्हणून तो थांबला आणि त्याने त्याला हात दिला.’

“कोण पडलं?”

“सुरेश. लिहिलंय की.”

“कुठे? दाखव बरं.”

बोट ओळीवरून एकदा फिरतं, मग सावकाश दुसऱ्यांदा. पेन्सिल उचलली जाते, पहिला ‘तो’ खोडला जातो, वर ‘सुरेश’ येतो. मूल वही पुढे सरकवतं, मग स्वतःच परत ओढून घेतं आणि दुसऱ्या ‘तो’वर थांबतं.